पेज निवेपर्यंत

हरीची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या पायावर गरम पेज सांडून.

“आई गं!” मी ओरडले.

“लागलं का?”

“छे हो, बरं वाटलं! रोज सांडत जा.”

तो इतका गोंधळला, की हातातलं पेज वाढायचं ओगराळं खांद्यावर टेकवून तसाच उभा राहिला. सदऱ्यावर पेजेचा ओघळ. मला हसू आलं असतं, पण त्या दिवसांत हसणं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटायचं.

एकोणीसशे अठरा सालचा आश्विन होता तो. पावसाने ओढ दिली होती, भात उभ्या उभ्या वाळलं होतं, आणि वरून ती साथ आली. इन्फ्लुएंझा म्हणायला कोणाची जीभ वळत नसे. कर्जतात सगळे मानमोडीच म्हणत. आमच्या आळीत एकही दार असं राहिलं नाही, की जिथे ती शिरली नाही. आमच्या घरी माझी आई गेली. हरी प्रथम आला तो तिच्या जाण्यानंतरचा तिसरा दिवस.

आणि माझ्या बाबांना ते ठाऊक नव्हतं.

बाबा म्हणजे विष्णुपंत मास्तर, मराठी शाळेतले. आई गेली तेव्हा ते तापाच्या ग्लानीत होते. अग्नी शेजारच्या काकांनी दिला. दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले, नि पहिला प्रश्न, “ही कुठाय?” डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं, काळीज नाजूक झालंय, धक्का सोसणार नाही. मी सांगून टाकलं, “शेजारी जयवंताकाकूंकडे ठेवलंय तिला, तुमचा ताप लागू नये म्हणून.” बोलताना चेहरा हलू दिला नाही. अठरा वर्षांची घोडनवरी होते मी, लोक म्हणायचे बापाने शिकवून डोक्यावर बसवलीय. त्या दिवशी ते शिक्षण असं कामाला आलं.

आता पेजेचं सांगते. कशेळ्याच्या बाजारात खानावळ चालवणाऱ्या मोतीबाई साथ आल्यावर आपली मोठी पातेली बैलगाडीत घालून कर्जतला आल्या, आणि मारुतीच्या देवळामागे चूल मांडून बसल्या. गावातल्या चार जाणत्यांनी तांदूळ जमवले. पोरं घागरीत पेज घेऊन घरोघरी वाढत फिरत. साथीने सगळ्यांचं सोवळं मोडलं होतं, कोणी जात विचारत नव्हतं. मोतीबाईंचे नियम दोनच. एक, कुठल्याही घरी ‘किती माणसं?’ असं विचारायचं नाही. घरच्यांनी ओसरीवर जितक्या वाट्या मांडल्या, तितक्या भरायच्या. काल पाच असतील आणि आज चार, तर चार भरून गप्प राहायचं. आणि दुसरा...

“किती माणसं?” हरीने विचारलंच. तो मुंबईच्या कॉलेजातला, साथीमुळे कॉलेज बंद म्हणून मामाकडे आलेला. आमची आळी त्याच्या वाटणीची नव्हतीही; ज्याची होती तो आदल्या रात्री अंथरुणाला खिळला.

“वाट्या मोजता येत नाहीत?”

“येतात की. तीन.”

“मग भरा तीन.”

बाबांची, माझी आणि आईची. बाबांना माजघरातल्या खाटेवरून ओसरी दिसायची, म्हणून तिसरी मांडणं भाग होतं. त्याने त्या भरल्या आणि मग चांगला पायरीवर बसला.

“आता काय?” मी म्हटलं.

“दुसरा नियम. पेज निवेपर्यंत बसायचं.” आणि मोतीबाईंचा सूर काढून तो म्हणाला, “‘वाढून पळू नको रं! निवंस्तवर बस, दोन सबूद बोल. तापानं मानूस अर्दा मरतो, एकला पडला का पुरता मरतो.’”

“मला बोलायला वेळ नाही.”

“मग मी बोलतो. तुम्ही पाय पाण्यात घाला.”

आगाऊ कुठला! पण पाय मी पाण्यात घातला.

रोज तो यायचा. बसायचा ओसरीवर, पण बोलायचा आत बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात. स्टेशनमास्तरांचा ताप उतरला. पोशीरच्या एका आजीने ‘पेज नगं, तपकीर आन’ म्हणून त्याला दोनदा परत पाठवलं. भागी कातकरीण डोंगरावरून कंद घेऊन येते आणि मोतीबाईंच्या पातेल्यापाशी ठेवून निघून जाते, थांब म्हटलं तरी थांबत नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून ऐकायचे. बोलायचे नाहीत. ताप कधीच गेला होता, पण दोन घोटांपुढे पेज उतरत नव्हती. हाताची हाडं दिसायला लागली होती. एक माणूस मी घालवलं होतं आणि दुसरं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

आणि तरी... खोटं कशाला बोलू? सकाळी घागरीचा आवाज आला की मी केसांवरून हात फिरवायची.

“आज पेज फारच गरम आहे,” आई गेल्याच्या पाचव्या दिवशी मी म्हटलं.

“चुलीवरून उतरली तशी धावत आणली.”

“एवढी घाई कसली?”

“निवायला वेळ लागावा म्हणून—” तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मी आत पळाले. त्या दिवशी बाबांच्या पेजेत मीठ दोनदा पडलं.

आई गेल्याच्या सातव्या दिवशी ते झालं. रोजच्यासारखी मी तिसरी वाटी पदराआड घेऊन, ‘आईला देऊन येते’ म्हणून परसात गेले. तिथे पेरूच्या बुंध्याशी मी ती ओतायची. आईच्या वाटणीचं माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. कावळे आता ओळखायला लागले होते; मी दिसले की कालवा करत उतरायचे. ओतून वळले, तर विहिरीपाशी हरी. हात धुवायला आला होता.

“हे काय?” त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “डोंगराकडच्या वाडीत काल तळाची खरड वाटली आम्ही. आणि तुम्ही कावळ्यांना घालता? ज्यांची वाटी आहे त्यांना नको असेल तर मांडता कशाला?”

“तिला नकोय!” मी म्हटलं. “कारण ती नाहीये! गेली माझी आई! आज सात दिवस झाले!”

किती दिवसांनी ते शब्द तोंडातून बाहेर पडले. कोणापुढे बोललेच नव्हते. हरी मटकन विहिरीच्या काठावर बसला. मग मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं, जयवंताकाकूंचं. डोळ्यांत मात्र पाणी नाही. ते कुठे आटलं होतं कोण जाणे.

 मग तो खाली बघत म्हणाला, “माझा दादा आषाढात गेला, कॉलऱ्याने. परीक्षा बुडू नये म्हणून घरच्यांनी कळवलं नाही. पत्र यायचं, सर्व कुशल. मी गेलो तोवर तेरावा उलटला होता. सगळे रडून मोकळे झाले होते हो... मला रडायला जागाच उरली नव्हती.” मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुमच्या बाबांची ती जागा काढून घेऊ नका. तीन दिवसांनी दहावा आहे.”

“आणि त्यांचं काळीज बंद पडलं तर? तुम्ही येणार का भरून द्यायला?”

“नाही,” तो म्हणाला. “पण येईन. रोज येईन.”

“काही गरज नाही!”

तरी तो दुसऱ्या दिवशी आला, तीन वाट्या भरल्या, आणि तिसरी माझ्यापुढे सरकवली. “ही तुम्ही खायची. माझ्यादेखत.” मी रागारागाने खाल्ली. खरं सांगते, आठ दिवसांत प्रथमच मला अन्नाची चव लागली.

दहावा उजाडला. मी स्नान करून माजघराच्या दारात उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.  बाहेर हरी लवकर येऊन थांबला होता. आज घागरीबरोबर त्याच्या हातात दर्भ आणि पळसाची पानं होती.

बाबा खाटेवर उठून बसले.

“आज दहावा ना गं द्वारके?”

मी चौकट घट्ट धरली. “तुम्हाला... कोणी सांगितलं?”

“कावळ्यांनी.” ते हळूहळू बोलत होते. “तू तिची वाटी घेऊन परसात गेलीस की कावळे ओरडायचे. जयवंताबाईंचं दार पुढल्या अंगाला आहे, बाळ. पहिल्याच दिवशी कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू एवढा जीव लावून खोटं बोलत होतीस. वाटलं, त्या खोट्यावरच उभी आहेस. ते काढून घेतलं तर पडशील.”

मला सांभाळायला बाबा गप्प, आणि त्यांना सांभाळायला मी. एका घरात दोन माणसं आठ दिवस एकेकटी! मी धावत जाऊन त्यांच्या कुशीत डोकं घातलं, आणि मग जे रडू फुटलं ते आळीभर ऐकू गेलं असेल. बाबाही रडले. काळीजबिळीज काही बंद पडलं नाही. हरी पायरीवर पाठ करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

बाबांना आधार देत आम्ही उल्हास नदीवर गेलो. बायकांनी जायचं नसतं, पण बाबा म्हणाले, “पोर येईल.” नुकतेच बरे झालेले भटजी दर्भ निवडायला लागले. पिंड मांडला. मोतीबाईंच्या पातेल्यातलेच तांदूळ. समोरच्या उंबरावर एक कावळा बसला होता. बसूनच राहिला.

बाबांनी हात जोडले. “नीट जेवीन, औषध घेईन.” कावळ्याने मान फिरवली. “द्वारकेचं चांगलं स्थळ बघून लग्न करीन.” कावळा चोच घासत बसला. ऊन चढलं. बाबा उंबराकडे पाऊलभर सरकले. “काय राहिलं गं तुझं? सांग तरी...” त्यांचा तो आवाज ऐकवेना. कावळा न शिवताच परत फिरलो असतो, तर ते पुन्हा खाटेवरून उठले नसते.

तेव्हा हरी पुढे आला. ओल्या वाळूत उभा राहून त्याने हात जोडले.

“काकू... मी हरी. तुम्हाला कधी पाहिलं नाही. तुमच्या वाटीत पेज वाढली, एवढीच ओळख. तुमच्या लेकीची जीभ फार तिखट आहे. मला... मला ती आवडते. पेज निवेपर्यंतच नाही... जन्मभर बसायचंय मला तिच्यापाशी.”

मला धरणी दुभंगावी असं झालं. भटजी आभाळाकडे बघू लागले. आणि कावळा? ढिम्म!

बाबांच्या घशातून विचित्र आवाज आला. मी घाबरून पाहिलं, तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते. “कावळ्याला पटलेलं दिसत नाही रे बाबा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “द्वारके, तिला तुझ्या तोंडून ऐकायचं असेल. मनातलं दाबून ठेवायची सवय लागलीय तुला.”

मी हरीकडे पाहिलं नाही. उंबराकडे पाहिलं.

“आई,” मी म्हटलं, “मला तुझी फार आठवण येते गं. मी आता कोणापासून काही लपवणार नाही. आणि... हा आहे ना... मलाही आवडतो.”

फडफड झाली. कावळा उतरला, दोन उड्या मारून पिंडापाशी आला, आणि शिवला.

घरी आल्यावर बाबा स्वतः ओसरीवर येऊन बसले. मी वाट्या मांडायला गेले. दोनच काढल्या, आणि हात थांबला.

“तीन मांड,” बाबा म्हणाले. “त्याचंही सकाळपासून पोट रिकामं आहे.”

हरीने घागर कलती केली. सकाळपासून ठेवलेली पेज, केव्हाच थंड होऊन वर साय धरली होती. बाबांनी वाटी पुरती रिकामी केली आणि पुन्हा पुढे केली.

“निवलीय अगदी,” मी हळूच म्हटलं. “नियमाप्रमाणे तुम्ही आता जायला हवं.”

“हो ना,” तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून आणखी ऐसपैस बसला.