लाल लुगड्यातली ती

अमरावती-अकोला बसमध्ये एका उंच्यापुऱ्या पोरानं कागदात गुंडाळलेलं भलंमोठं चित्र दीपमालाच्या मांडीवर टेकवलं आणि वर विचारलं, "जड तर नाई होत ना?"

"आता ठेवल्यावर इचारता?"

तो हसला... आणि अकोला येईपर्यंत आपले पाय बधिर झालेत हे तिला कळलंच नाही. तो वलगावचा नागसेन, शाळेत चित्रकलेचा मास्तर. चित्र प्रदर्शनात द्यायला निघाला होता. उतरताना नंबर दिले-घेतले गेले आणि पुढचा महिनाभर एक दिवस बोलल्यावाचून गेला नाही.

आज ती प्रदर्शनात आली ती एकच गोष्ट सांगायला. तेल्हाऱ्याला बाबांनी रविवारी तिला पाहायला पाहुणे बोलावले होते. संध्याकाळपर्यंत हो की नाही, ते कळवायचं होतं. नागसेनच्या मनात काय आहे ते ऐकायचं आणि मग कळवायचं.

पण चित्र पाहिलं आणि ते सांगणं बाजूलाच राहिलं. कापूस वेचून झालेलं ओसाड वावर, राखाडी आभाळ, कोसभर माणूस नाही. आणि पार टोकाला, पाठमोरी, लाल लुगड्यातली ती! एकटीच, कुणाची तरी वाट पाहणारी. काढणाऱ्यानं तिला किती वेळ न्याहाळलं असेल! दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे अमरावतीपासून आपण सवत मांडीवर घेऊन आलो!

"कोन हाय थे?"

"कोन?"

"येड पांघरून पेडगावले जाऊ नको. थे लाल लुगडंवाली!"

नागसेन आधी चित्राकडे, मग तिच्याकडे बघत राहिला, आणि खो खो हसला.

"बाप्पा! थे बाई नाई व. मायचं जुनं लुगडं हाय. रानडुकरं येऊ नाई म्हून धुऱ्यावर बांधलं."

दीपमाला लाजेनं लाल झाली. तेल्हाऱ्याच्या वावराभोवती, बांधावर अशी चौदा लुगडी तिनं स्वतः बांधली होती. मत्सराला डोळे नसतात, हेच खरं.

"जळली ना?" त्यानं हळूच विचारलं.

"जळली! लय जळली. मंग?"

तिनं तिथंच फोन लावला. "बाबा, रविवारच्या पाहुन्याइले नाई म्हना... हो, दुसरे येऊन राहिले. वलगावचे."

नागसेनचं हसू मावळलं. "वलगावचे? आमच्या गावातला — कोन?"

"हाय एक मास्तर," दीपमाला म्हणाली. "थो आपल्या मायले घेऊन येते रविवारी. त्याले अजून मालूम नाई."