कडी किती उंच धरायची

दिवे गेलेच आहेत तर जरा जवळ सरका. मोबाइल पालथे घाला, त्या निळ्या उजेडात खरी गोष्टसुद्धा खोटी वाटते. आणि मध्येच उठून पाणी प्यायला जायचं नाही. नंतर एकट्याने जायची हिंमत होणार नाही, म्हणून आत्ताच पिऊन घ्या.

गोष्ट आमच्या नानांची, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनची. मी स्टेशनात पार्सलवर होतो तेव्हा एका बाकावर बसून आम्ही डबे खायचो. यातलं अर्धं नानांनी पुढे चारचौघांत कबूल केलं. उरलेलं अर्धं फक्त मला सांगितलं.

गेल्या नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. संध्याकाळी साडेसहाला नाना घरातून निघाले ते चष्म्याची काडी बसवून घ्यायला. दुकान स्टेशनच्या जिन्याखाली. काडी बसली, नानांनी समोरच्या भिंतीवरचं वेळापत्रक बारीक अक्षरांसकट वाचून खात्री करून घेतली आणि परत फिरले. तेवढ्यात फिटर भेटला.

फिटर म्हणजे विजेच्या गाड्यांच्या कारशेडमध्ये कामाला असलेला, चाळिशी उलटलेला, अबोल माणूस. नानांच्या मागच्या गल्लीत आईबरोबर राहायचा. नानांचा नळ गळू लागला की हाच धावून यायचा, शेगडी रुसली की हाच.

"नाना, वर चला ना," तो म्हणाला. "वाफेचं इंजिन येतंय. हौशी लोकांची सहल आहे. सात बावीसला न थांबता जाणार."

"मला कसलं आलंय त्याचं कौतुक? जन्म गेला त्या धुरात."

"मला आहे. तुम्ही कुठे उभे राहायचात ते दाखवा. आणि बाबा…" त्याने जिन्याकडे बोट केलं.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी फिटरचे वडील याच प्लॅटफॉर्मच्या टोकाला, नानांच्या डोळ्यांदेखत गेले होते. ते फायरमन होते, इंजिनात कोळसा टाकायचे.

तुम्हाला कडीची भानगड माहीत नसणार. तेव्हा इथे रूळ एकच होता. समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून पुढच्या टप्प्याचं एक टोकन असायचं. ते ज्या गाडीकडे, तिनेच पुढे जायचं. गाडी थांबणार नसली की पॉइंट्समन ते टोकन वेताच्या मोठ्या कडीला बांधून टोकाला उभा राहायचा. हात सरळ, कडी डोक्याच्या वर. फायरमन कोपर वाकवून हात बाहेर काढायचा आणि धावत्या गाडीत कडी त्याच्या दंडावर चढायची. सगळी मदार उंचीवर. कडी खाली आली की इंजिनातल्या माणसाला वाकावं लागणार.

फिटरचे वडील गेले त्या रात्री सिग्नल पडून वीस मिनिटं झाली तरी गाडी येईना. नानांचा हात भरून आला. कडी डोक्यावरून खांद्याशी आली, खांद्यावरून छातीशी. इंजिन वळणावर दिसलं तेव्हा ती वर करायला वेळ होता. पण नानांना वाटलं, घेईल तो, नेहमीच सांभाळून घेतात. फायरमन कंबरेतून वाकला. कडी नुसती बोटांना लागली, आणि तो खाली गेला.

चौकशीत नाना म्हणाले, "फायरमन फार बाहेर वाकला." हे काही खोटं नव्हतं. का वाकला, ते कुणी विचारलं नाही आणि नानांनी सांगितलं नाही. मेलेला माणूस उतावळा ठरला. रेल्वेच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये नव्या पोरांना दटावताना त्याचंच उदाहरण देऊ लागले, आणि पुढे त्याच वर्गात त्याचा मुलगाही बसला. मान खाली घालून त्याने ते ऐकून घेतलं. नानांना हे ठाऊक होतं. नळ दुरुस्त करून तो हात पुसत उभा राहिला की दर वेळी त्यांच्या ओठांवर खरं यायचं, आणि दर वेळी ते म्हणायचे, "चहा घेतोस?"

तर दोघे वर गेले. गर्दी सगळी छपराखाली होती. टोकाला पार्सलच्या जुन्या खोलीची भिंत आहे, तिथे कुणीच नव्हतं. फिटर त्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. अंगात पांढरा शर्ट. नाना त्याच्या दोन पावलं पुढे, आपल्या जुन्या जागेवर. जागा शोधावी लागली नाही, पाय आपसूक तिथे थांबले.

सात बावीस. लांबून शिट्टी आली.

"नाना," फिटरने मागून विचारलं, "ते खरंच इतके वाकले होते का?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं त्याने.

वळणावर दिवा दिसला. रूळ थरथरू लागले. लोक ओरडत होते, फोन उंच धरत होते. मग वाफ आली आणि गर्दी दिसेनाशी झाली. इंजिन समोर आलं. ड्रायव्हर पलीकडच्या खिडकीत होता. अलीकडच्या खिडकीत…

अलीकडे कुणीतरी वाकलं होतं. कंबरेतून बाहेर. कोपर वाकवलेलं. कडी घ्यायला.

कडी कुठली आता? कड्या जाऊन जमाना झाला. पण नानांना हात दिसला. बोटं दिसली. नखांतला कोळसा दिसला. चष्मा नुकताच नीट केलेला, तेव्हा दिसण्यात चूक झाली म्हणायलाही जागा नाही. तोंड मात्र… तोंडाच्या जागी धूर.

तो खाली येत होता.

आणखी खाली…

नानांच्या छातीपर्यंत.

नानांचा उजवा खांदा सहा वर्षं आखडलेला. केस विंचरायलासुद्धा हात वर जात नसे. तो हात उठला. खांद्याशी आला. कानाशी आला. सरळ डोक्याच्या वर गेला. रिकामा.

आणि तो वाकलेला… नानांच्या हाताबरोबर सरळ होत गेला. हळूहळू. पुरता आत जाऊन उभा राहिला.

इंजिन गेलं. डबे गेले. शेवटचा लाल दिवा गेला.

नानांनी मागे वळून पाहिलं नाही. तसेच रुळांकडे बघत बोलले. "तो आपणहून वाकला नव्हता रे. कडी मी खाली धरली होती. हात दुखत होता माझा. चौकशीत मी ते लपवलं."

मग जरा मोठ्याने म्हणाले,

"ऐकलंस का?"

फिटर भिंतीपासून निघाला, नानांच्या शेजारून गेला आणि जिना उतरला. नानांना भर प्लॅटफॉर्मवर रडू कोसळलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला जुने दिवस आठवले.

रात्री साडेनऊला दार वाजलं. दारात फिटर. अंगात दुसरा शर्ट, पांढरा शर्ट घडी करून हातात.

"सोमवारी माझ्याबरोबर ट्रेनिंग स्कूलला यायचं," तो म्हणाला. "वर्गात उभं राहून हेच सांगायचं."

"येतो," नाना म्हणाले.

फिटर तरीही हलेना.

"नाना, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला होतात?"

"मी? मी तर तुझ्या पुढे होतो. मागे वळलोसुद्धा नाही."

"मागे भिंत होती," फिटर म्हणाला.

त्याने शर्ट उलगडून दिव्याखाली धरला. उजव्या खांद्यावर काळा पंजा उमटला होता. तळवा पाठीकडे, बोटं छातीकडे. मागे उभं राहून कुणी मायेने हात ठेवावा, तसा.

"आई म्हणाली, धुवायचा नाही. ती किती वेळ नुसती धरून बसली होती." फिटरने शर्ट पुढे केला. "हात लावून बघा."

नानांनी आपला तळहात त्यावर ठेवला. तो पंजा त्यांच्या हाताहून पेरभर मोठा होता.

दोन तास उलटून गेले होते… आणि त्या काळ्या पंजाखालचं कापड अजून गरम होतं.