तिसाव्या फेरीपर्यंत

त्यांची ओळख झाली ती एका हत्याकांडामुळे.

त्या सकाळी ती प्रयोगशाळेत आली, निथळती छत्री दाराशी टेकवली आणि पाहते तर पडद्यावर शुकशुकाट. आठवडाभर चाललेला तिचा प्रयोग मधेच बंद पडला होता. ती कपाळाला हात लावून बसली, तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. उंच, काटकुळा, आणि चेहरा असा की आत्ता रडेल.

"मी समोरच्या खोलीतला. नवीनच आलोय," तो म्हणाला. "काल संध्याकाळी मी माझा प्रोग्रॅम बंद करायला गेलो... आणि तुमचा बंद केला. दोघांचंही नाव 'शेवटची चाचणी' होतं."

"आणि तुमची शेवटची चाचणी?"

"ती... चालू आहे अजून. मजेत."

तिला खरं तर फैलावर घ्यायचं होतं. पण त्या 'मजेत'नं घात केला. ओठ दाबून धरले तरी हसू डोळ्यांत आलंच, आणि ते त्यानं पाहिलं.

"किती पिढ्या झाल्या होत्या?"

"हजारो. पणतू, खापरपणतू, सगळे गेले. निर्वंश केलात तुम्ही माझा."

"कॉफी पाजली तर चालेल?"

"अख्ख्या निर्वंशाला एक कॉफी?"

"रोज एक," तो म्हणाला. "जन्मभर." आणि मग आपण काय बोलून बसलो ते लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला.

आता या पिढ्यांचं प्रकरण सांगायला हवं. दोघांचा धंदा एकच होता: संगणकात उत्क्रांती घडवणं. म्हणजे काय, तर समजा चालणारं यंत्र हवंय. ते आपण घडवत बसायचं नाही. कशीही, वेडीवाकडी शेकडो यंत्रं संगणकातच जन्माला घालायची, त्यांतली जरा बरी चालणारी निवडायची, त्यांच्या जोड्या लावायच्या, त्यांची पोरं पुन्हा पळवायची. पिढ्यामागून पिढ्या गेल्या की एखादं पोर असं निघतं की बघत राहावं. हे काम करणारी माणसं जगभर विखुरलेली, आणि त्यांचं मासिक वार्तापत्र ती काढायची. कुणाचा प्रबंध झाला, कुठे परिषद भरतेय, कुणाला कुठे नोकरी लागली, कोण निवर्तलं. त्यात तिचं एक लाडकं सदर होतं, 'पुन्हा करून पाहू'. कुणाचा तरी गाजलेला प्रयोग ती स्वतः पुन्हा चालवायची आणि जे दिसेल ते छापायची. नियम एकच. या कामात सुरुवात नशिबावर सोडलेली असते, त्यामुळे एका फेरीवरून काही बोलायचं नाही. तीस फेऱ्या करायच्या, मगच तोंड उघडायचं.

ती त्याला 'मारेकरी' म्हणू लागली. तो तिला 'संपादकबाई' म्हणायचा, आणि त्यातली 'बाई' जरा लांबवायचा.

त्याचं सहा पायांचं यंत्र तेव्हा नुसतं कोलमडायचं. संध्याकाळी दोघं एकाच खुर्चीपाशी वाकून ते बघत. खिडकीवर पावसाची टिपटिप, तिच्या गालाजवळ त्याचा श्वास, आणि पडद्यावर एक गरीब बिचारं यंत्र उताणं पडून पाय झाडतंय...

"तुझ्यावर गेलंय," ती म्हणायची.

"माझ्यावर कसं? मी तर केव्हाच पडलोय."

अशा वेळी ती कॉफीच्या कपात बघत बसायची. कप फार गरम असला तर तो न विचारता तिच्या कपावर फुंकर घालायचा, आणि ती न बोलता घालू द्यायची.

ती तिच्या आत्याकडे राहायची. आत्या परिचारिका होती, निवृत्त झालेली. नाडी बघण्याची सवय मात्र सुटली नव्हती. "यंत्रांच्या जोड्या लावता दोघं," ती म्हणाली, "स्वतःचं घोडं कुठे पेंड खातंय?"

"खात्री झाल्याशिवाय कसं बोलू, आत्या?"

"खात्री काय दुकानात मिळते?"

आवडत होता तो तिला. पुरेपूर आवडत होता. पण ही मुलगी दूध उतू जाताना दिसलं तरी आधी चष्मा पुसणारी होती.

आणि मग त्याचं यंत्र पळालं. असं पळालं की सगळे थक्क झाले. तिनं ती बातमी वार्तापत्रात पहिल्या पानावर घेतली. दूरदेशीच्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं त्याला बोलावलं. त्यानं इथल्या जागेचा राजीनामा दिला, त्याच्या दादानं आपल्या लेथ-यंत्रांच्या कारखान्यात सगळ्यांना थांबवून ही बातमी सांगितली, आणि जिन्यात तिला गाठून तो म्हणाला, "चलशील?"

तिचं मन हरखलं. तोंडातून मात्र आलं, "विचार करून सांगते."

त्याला भेट काय द्यावी? तिनं ठरवलं, पुढच्या सदरात त्याचं यंत्र घ्यायचं. तीस फेऱ्यांचा शिक्का मारून.

पहिल्याच फेरीत ती थबकली. तिनं चाल अगदी सावकाश करून पाहिली. पायाचं टोक जमिनीत केसभर रुतत होतं, आणि ती संगणकातली खोटी जमीन त्याला उसळी देऊन वर फेकत होती. यंत्र चालायला शिकलंच नव्हतं. जमिनीच्या गणितात एक फट होती, ती त्याला सापडली होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते त्याच फटीवर जगत आलं होतं. खऱ्या जमिनीवर ते पाऊलसुद्धा टाकू शकलं नसतं.

पण ही एकच फेरी होती. एकीवरून काही सांगता येत नाही... तिनं दुसरी लावली. मग तिसरी.

या फेऱ्या चालू असताना तो तिकडच्या थंडीसाठी घेतलेला नवा जाड कोट घालून दाखवायला आला. "कसा दिसतो?"

"अस्वलासारखा," ती म्हणाली, आणि त्याची कॉलर नीट केली. त्या दिवशी सांगता आलं असतं. ती हसत राहिली.

तिसावी फेरी संपली तेव्हा भर दुपार होती. ती उठली, समोरच्या खोलीत गेली आणि सगळं दाखवलं. त्यानं ती चाल स्वतः पुन्हा सावकाश करून पाहिली.

"चूक माझीच आहे," तो शेवटी म्हणाला. "तुला कधी कळलं?"

तिनं पडदा मालवला.

"संपादकबाई... कधी?"

"पहिल्या फेरीत शंका आली. पण एका फेरीवरून—"

"कोट दाखवला तेव्हा माहीत होतं?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"तपासलंस त्याचं मला काही नाही. तपासायलाच हवं. पण तू एकटीनं तपासत राहिलीस आणि माझ्याशी हसत राहिलीस." त्याचा आवाज अजिबात चढला नाही, आणि तेच तिला सोसवेना. "नियम कामासाठी असतो गं. मी काय तुझं काम होतो?"

चुकीची कबुली त्यानं स्वतःच लिहून तिच्याकडे पाठवली, एका शब्दाचीही सबब न सांगता. दूरच्या प्रयोगशाळेनं फार सभ्य भाषेत नकार कळवला. इथली जागा तोवर दुसऱ्याला दिलेली होती. तो दादाच्या कारखान्यात जाणार, असं तिला शिपायाकडून कळलं.

जायच्या सकाळी तो किल्ली परत करायला आला. खांद्याला पिशवी, हातावर तो कोट. ती दारात आडवी उभी राहिली.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "फार. कधीपासून ते माहीत नाही. खात्री आहे का तेही बघितलेलं नाही. पण आवडतोस."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं तिच्या गालावर आलेली बट मागे सारली, हात तिथेच क्षणभर ठेवला.

"हे आधी म्हणाली असतीस ना," तो हळूच म्हणाला, "तर ती फट आपण दोघांनी मिळून शोधली असती."

"आता?"

"आता तू माझ्याकडे बघितलंस की मला वाटतं, कितवी फेरी चालू असेल." त्यानं हसायचा प्रयत्न केला. "मला नाही जमणार तसं राहायला. राग नाही गं. खरंच नाही."

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत होती, आणि ती हाक मारायची राहिली.

दुपारी तिनं अंक पाठवला. पहिल्या पानावर त्याची कबुली होती. तासाभरात शाबासक्या येऊ लागल्या: किती काटेकोर काम, किती धीराचं संपादन. त्यांतच त्याला पाठवलेला अंक परत आला. संस्थेनं त्याचं ई-मेल खातं बंद केलं होतं. असे परत आलेले पत्ते यादीतून काढून टाकायचे असतात. तिनं बोट बटणावर ठेवलं, आणि मग टेबलावर डोकं टेकून ती लहान मुलीसारखी रडली.

तो पत्ता यादीत अजून आहे. दर महिन्याला तिचा अंक त्याच्याकडे जातो आणि परत येतो.