वजाच्या अलीकडचा आय

चहाचे कप अजून टेबलावरच होते आणि साहेब नव्या लोकांना मावशीचा किस्सा रंगवून सांगत होते.

"आपल्याकडे चाचणीपुरत्या कच्च्या मशीनची नावं लहान इंग्रजी अक्षरांत, चालू मशीनची मोठ्या. सफाईचा कोड फक्त कच्च्या पुसतो. मावशीबाईंनी नावं ओळखायच्या पॅटर्नला इंग्रजी आय लावला. आय म्हणजे काय? लहान-मोठं अक्षर बघू नकोस! झालं, चालू मशीनही साफ. आणि बाईसुद्धा साफ!"

हशा पिकला. धाकटी नव्या लोकांतच होती; ती हसली नाही. ऑफिसात कोड लिहिणारी ही 'मावशी' म्हणजे तिची सख्खी ताई. हे तिथं कुणाला माहीत नव्हतं.

ताईनं आय लावला नव्हता, यावर धाकटी मान कापून द्यायला तयार होती. ताई प्रत्येक पॅटर्नच्या तोंडाशी वजाचं चिन्ह टाकून पलीकडे एम, आय, एक्स ही तीन अक्षरं लिहायची. वजाच्या पलीकडचं बंद, अलीकडचं चालू. न लिहिताही ती बंदच असतात. पण ताईला लावलेलं कुलूप पुन्हा ओढून बघायची खोड. अशी बाई आय लावेल? तिच्या माघारी तिच्याच मशीनवरून कुण्या हरामखोरानं तो आय लावला आणि बोट तिच्याकडे दाखवलं. नोकरी गेली, ताई बोलेनाशी झाली, मग जगातूनच गेली. आईला अजून वाटायचं, पोरीनंच घोळ घातला. खरं काय ते वदवून घ्यायचं आणि आईच्या कानावर घालायचं, एवढ्यासाठी धाकटी इथं चिकटली होती.

"चालव गं कोड," साहेब म्हणाले. "नुसती रंगीत तालीम. खरं काही पुसलं जात नाही."

तिनं चालवला. भिंतीवरच्या पडद्यावर ताईचा पॅटर्न उमटला. आय वजाच्या अलीकडे होता.

"कुणी हात लावला याला?"

फाइल उघडली. तिथं आय पलीकडेच, बंद. पुन्हा चालवला. आता एक्सही अलीकडे. म्हणजे पॅटर्नमधल्या मोकळ्या जागा धरायच्याच नाहीत. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास आला. ताई कपाळाला चोळायची, तोच.

खाली पुसायच्या यादीत एक ओळ आली. मशीनचं नाव नव्हतं. साहेबांचं होतं, वडिलांच्या नावासकट.

"बंद कर."

"आधी सांगा, तेव्हा आय कुणी लावला?"

"डोकं फिरलंय का तुझं? बंद कर म्हणतो ना!"

"कुणी लावला?"

"मी! मी लावला, तिच्या मशीनवरून! चुकून लागला गं. मला पोरंबाळं आहेत..."

धाकटीचं बोट बंद करायच्या बटणावर होतं. तिनं ते शांतपणे उचललं.

एम सरकला. आता पॅटर्नमधलं कुठल्याही अक्षराला धरणारं टिंब ओळीच्या टोकाशी थांबणार नव्हतं; पुढच्या ओळीतलंही गिळणार होतं.

'पुसलं', पडद्यावर आलं.

खुर्ची रिकामी होती.

"साहेब?" तिनं शेजारच्याला विचारलं.

"कुठले साहेब?"

बरं झालं मेला, तिच्या मनात आलं. पडद्यावर साहेबांच्या नावाखाली दुसरं नाव उमटत होतं; तिकडे पाठ करून तिनं आईला फोन लावला.

"आई, ताईची चूक नव्हती. तिच्या साहेबानं माझ्यासमोर कबूल केलं."

"कोण बोलतंय?"

"मी गं. धाकटी."



"चुकीचा नंबर लागला बाई," आई म्हणाली. "मला एकच मुलगी होती."