डब्यावरचा कच्चा टाका

"माझी पोर बेफाम गाडी हाकणारी नव्हती हो!" म्हाताऱ्या शिंप्यानं टेबलावर मूठ आपटली आणि त्याच मुठीत तोंड लपवून तो हुंदके देऊ लागला.

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यांचे तपासातले जोडीदार मास्तर नुसतेच बघत राहिले. शाळेत जन्म गेला, पण रडणाऱ्या बापाशी काय बोलावं हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

शिंपीकाकांची लेक नर्स होती. मेकॅनिकनं तिच्या गाडीला नव्या ब्रेक डिस्क आणि पॅड बसवून संध्याकाळी गाडी दारात लावली. पहाटे गारठ्यात ती कामाला निघाली आणि घराखालच्या उतारावर, पहिल्याच वळणाला भिंतीवर आदळून जागीच गेली. पोलिसांना ब्रेकमध्ये काही तुटलेलं, गळलेलं दिसलं नाही. वेग जास्त होता म्हणून त्यांनी हात झटकले.

"मेकॅनिकनंच घात केला," काका म्हणाले. "माल एक नंबर होता, मी छातीठोक सांगतो."

बाई आधी पोलिसांच्या आवारात गेल्या आणि तिथं ठेवलेल्या गाडीतल्या पॅडच्या पाठीवरचा नंबर उतरवून घेतला.

मेकॅनिकच्या गॅरेजकडे आता कोणी फिरकत नव्हतं. "गावभर फिरवून पाहिली, बाई. जागच्या जागी थांबत होती," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. पॅडचा पुठ्ठ्याचा रिकामा डबा त्यानं जपून ठेवला होता. उघडलेल्या झाकणाला दोऱ्याचे टाके होते.

"दुकानदाराची काटकसर!" मास्तर हसले. बाई हसल्या नाहीत.

"नर्सताईंनी स्वतः साधेच पॅड नेले, सीलबंद डब्यात," सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला. "रोजच्या गाडीला तेच बरे. शर्यतीचे भारी पॅड क्वचित खपतात. त्याच आठवड्यात एक जोडी गेली खरी. पोऱ्यानं विकली, गिऱ्हाईक मी पाहिलं नाही."

संध्याकाळी काकांच्या दुकानात शिलाई मशीन गप्प होतं. बाईंनी डबा समोर ठेवला.

"डब्यावरचा नंबर साध्या पॅडचा, गाडीतला शर्यतीच्या. हे पॅड तापल्यावरच नीट धरतात. मेकॅनिकनं गाडी भरपूर फिरवली, ते तापले, म्हणून त्याला काही जाणवलं नाही. पहाटे ते गारठलेले होते."

"मग बदलले कोणी?" मास्तरांनी विचारलं.

"झाकणावर कच्चा टाका आहे, मास्तर. एकसारखा, सरावाच्या हाताचा. आणि लेकीनं आणलेला माल एक नंबर असल्याचं, तो स्वतः निवडल्याशिवाय, छातीठोक कोण सांगेल?"

मास्तरांना हसल्याची लाज वाटली.

काकांनी टाक्यावरून बोट फिरवलं. "भारी घेतले म्हणून ती रागावली असती. म्हणून तिच्याच डब्यात घातले. मला वाटलं, भारी म्हणजे चांगलं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो."



"तिनं ब्रेक दाबला होता?" काकांनी हळूच विचारलं.

"दाबला होता, काका. तिचं काही चुकलं नाही."

"पोर शहाणी होती माझी," काका म्हणाले. त्यांनी डबा काखेत घेतला आणि चपला शोधू लागले. "मेकॅनिककडे जायचंय. मास्तर, जरा हात द्या. मला दिसत नाहीये."