लिव्हर नात्यातलं हवं

"घ्या ना, आमच्याच बागेतले आहेत," असं म्हणत त्यानं जर्दाळूंची पिशवी माझ्या लेकीच्या, नेर्मिनच्या, मांडीवर ठेवली. तीही कुठं, तर डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर!

नेर्मिननं आधी पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला मारायला कुणी पाठवलंय तुम्हाला?"

"अं…?"

"किडन्या गेलेल्या माणसाला जर्दाळू म्हणजे विष. मूठभर खाल्ले तर त्यातल्या पोटॅशियमनं हृदय बंद पडेल माझं."

त्यानं घाईनं पिशवी उचलली, तर निम्मे जर्दाळू फरशीवर. गुडघ्यांवर बसून गोळा करत म्हणाला, "मलात्याचा, जर्दाळूंच्या मुलखातला आहे हो मी… आमच्यात 'कशा आहात' विचारायच्या आधी जर्दाळू पुढे करतात."

"मग आता 'कशा आहात' तरी विचारा."

"कशा आहात?"

"वाईट," ती म्हणाली, आणि डॉक्टरांवरसुद्धा गुरकावणारी माझी पोर फिसकन हसली.

त्याचं नाव सेदात. आपल्या हिकमत काकांना तपासणीला घेऊन आला होता. काकांना पाच वर्षांपूर्वी अपघातात गेलेल्या कुणा अनोळखी माणसाचं लिव्हर बसवलंय. अजून धडधाकट आहेत, आणि भांडकुदळही. काकांची तपासणी तीन महिन्यांतून एकदा. हा मात्र आठवड्यातून तीनदा यायला लागला, नेमका नेर्मिनच्याच दिवशी. मी काही आंधळी नाही.

नेर्मिन चार तास यंत्राला जोडलेली. खिडकीवर पाऊस टपटपायचा, आणि हा दाराच्या काचेतून वेडीवाकडी तोंडं करायचा. ती पुस्तकात डोकं घालायची. पान मात्र उलटायची नाही.

तिचा आजार मुळात लिव्हरचा. तेच असलं काही तयार करायचं की किडन्यांत खडे साचत गेले, इतके की किडन्या बंदच पडल्या. नुसती किडनी बदलली तर नवीही खड्यांनीच भरणार. दोन्ही बदलायला हवं.

डॉक्टर बिलगेबाईंनी मला समजेल असं सांगितलं. "दोन वाटा आहेत, मावशी. मेलेल्या माणसाकडून मिळालं तर दोन्ही एकाच शरीरातलं मिळतं. ते चांगलं, कारण सोबत आलेलं लिव्हर त्याच शरीरातली किडनी सांभाळून घेतं. पण त्याची वाट किती बघायची, कुणाला ठाऊक. जिवंत माणसांकडून घेतलं तर तारीख आपण ठरवायची. पण मग एकीला वाचवायला दोन धडधाकट माणसं कापावी लागतात. दोन्ही वाटांनी बरे झालेले आहेत. न झालेलेही आहेत."

"माझं घ्या. दोन्ही घ्या," मी म्हणाले.

तपासलं. किडनी जुळली. लिव्हरवर म्हणे चरबी. आयुष्यभर अंगावर कधी चरबी चढली नाही, ती तिथं जाऊन बसली! नेर्मिनचा बाप वारला, भाऊ नाही. आमच्याकडे लिव्हर द्यायला माणूस नात्यातला लागतो, आणि नात्यात कुणी उरलंच नव्हतं.

नेर्मिनचं नाव मेलेल्या माणसाच्या अवयवांची वाट बघणाऱ्यांच्या यादीत गेलं. त्या दिवसापासून घरात सगळ्यांच्या आधी फोन जेवायचा, म्हणजे चार्जिंगला लागायचा. ती अंघोळीला गेली की मी तो हातात धरून दाराशी उभी. वाजला की दोघी दचकायचो… आणि पलीकडे कुणी गालिचे विकत असायचं.

एका सोमवारी सेदात म्हणाला, "माझं रक्त ओ आहे. सगळ्यांना चालतं. लग्न केलं की मी नात्यातला झालो."

नेर्मिनचा चेहरा कोरडा झाला. "म्हणजे मी तुझ्या लिव्हरशी लग्न करू?"

"माझ्याशी कर ना. ते माझ्यासोबतच येतं."

"आणि उद्या तुला काही झालं तर? नाहीतर आपलं पटलंच नाही तर? तुझा तुकडा पोटात घेऊन भांडू कशी मी तुझ्याशी?" ती उठली. "जा तू. परत येऊ नकोस."

मी तिच्यावर चिडले. खरं सांगते, मला जावई नको होता, लिव्हर हवं होतं. दुसऱ्याच दिवशी तिला न सांगता मी सेदातला घेऊन अवयवदानाच्या कचेरीत गेले. अर्ज लिहिणाऱ्या बाईनं चष्मा वर केला. "नवरा चालतो, मावशी. पण लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. नाहीतर लोक लिव्हरसाठीच लग्नं लावतील."

माझे कान तापले. मी तेच तर करायला आले होते.

पायऱ्या उतरताना सेदात मला मागं टाकून पुढे निघून गेला. आता हा जाणार, मी समजले. नेर्मिनला सगळं सांगितलं. ती रागावली, मग भिंतीकडे तोंड करून पडली. दोन डायलिसिस झाले. दाराच्या काचेत कुणी नाही. पुस्तकाची पानं तिनं भराभरा उलटली, वाचलं एकही नाही.

रविवारी दुपारी फोन वाजला. ती पांढरीफटक पडली. "हॅलो…?"

"अहो, तुमची गल्ली कुठली?" हिकमत काका ओरडत होते. "मागणी घालायला निघालोय, तासभर त्याच मशिदीला फेऱ्या मारतोय!"

आले. सेदातच्या अंगात काकांचा कोट, हातात फुलं. आमच्याकडे मुलगी कॉफी करून आणते, आणि मुलाच्या कपात मुद्दाम मीठ घालते. तो तोंड वाकडं न करता प्यायला तर पसंत. सेदातनं घोट घेतला आणि थांबला.

"मीठ विसरलीस."

"दोन वर्षं होईपर्यंत तुझं लिव्हर चालणार नाही, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"तोवर मी असेन की नाही, माहीत नाही. उद्या फोन येईल, किंवा येणारच नाही…"

"तेही ऐकलं."

"मग कशाला आलास?"

"कचेरीत लिव्हर नको म्हणाले ना," सेदात कपाकडे बघत म्हणाला, "आता नुसता मीच उरलोय. चालेल का, ते विचारायला…"

मी नेर्मिनच्या हातातला ट्रे काढून घेतला.

"मीठ विसरले नाही मी," ती हळूच म्हणाली. "घरात नाहीच. डॉक्टरांनी बंद केलंय. या घरात सगळं अळणीच शिजतं, सेदात."

त्यानं कप तळापर्यंत रिकामा केला आणि तिच्यापुढे धरला.

"अजून आहे?"