गोळीचा सदरा

एकोणीसशे एकाहत्तर सालची उन्हाळ्याची सुट्टी. ताई, वकील आणि चिंगी ही तीन भावंडं मामांकडे आली, ती त्यांच्या कुत्र्याला, रफूला घेऊन नदीवर जायचे बेत करतच. वकील म्हणजे मधला भाऊ. वाद घालण्यात पटाईत म्हणून हे नाव.

मामा शिंपी होते. रफू दरवर्षी वळणावरच अंगावर झेप घ्यायचा. या वेळी तो दुकानाच्या पायरीवर बसून पोट खाजवत होता. काखेतले केस गेले होते, कातडी लालबुंद झाली होती. त्याने शेपूट हलवलं, पण खाजवणं थांबवलं नाही.

"डॉक्टर म्हणाले, याला अंडं सोसत नाही, त्याची अ‍ॅलर्जी आहे. ते बंद केलं, गोळ्याही चालू आहेत," मामी म्हणाल्या. "उतारच नाही. रात्रभर कण्हतो गं."

मामा मान खाली घालून शिवत राहिले. "महिनाअखेरीस डॉक्टर येतील. त्याला कायमचं झोपवतील. हाल बघवत नाहीत."

त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कापडाच्या चिंध्यांत बटण शोधताना चिंगीच्या हाताला अंड्याची टरफलं लागली.

"मामी तर अंडी आणतच नाहीत," ताई पुटपुटली.

"म्हणजे दुकानात कुणीतरी खातंय," वकील म्हणाला. "आणि मामांना अंड्याचा वाससुद्धा चालत नाही."

पुढच्या सकाळी तिघं दुकानातल्या पडद्याआड लपली. मामांनी उकडलेलं अंडं सोललं, त्यात गोळी खुपसली आणि रफूला भरवली.

"मामा, अंडं!" चिंगी ओरडलीच.

मामा दचकले. "अगं, अंडं कुठे? नुसती गोळी तो थुंकतो. हा गोळीचा सदरा आहे."

"आणि सदरा काय पोटाबाहेर राहतो?" वकिलाने विचारलं.

बोटांना चिकटलेला बलक मामा बराच वेळ सदऱ्याला पुसत राहिले.

त्या दिवसापासून गोळी उकडलेल्या बटाट्यातून जाऊ लागली. पण खाज काही लगेच थांबेना. मामा रोज रफूचं पोट उजेडात धरून बघायचे आणि पुन्हा मशीनवर बसायचे.

महिनाअखेरीस डॉक्टर बॅग घेऊन आले. रफू पायरीवर झोपला होता. नुसता झोपला होता, पाय न हलवता. डॉक्टरांनी काखेवरून बोट फिरवलं. मऊ लव उगवली होती.

"बॅग उघडायची गरज नाही," ते म्हणाले. "गोळ्या हळूहळू कमी करू. मनाने बंद करू नका. शोध कुणी लावला?"

"या तिघांनी," मामा म्हणाले. "मी तर त्याला रोज मायेने दुखणंच भरवत होतो."

रफू पुढे खूप वर्षं जगला. त्याच्यानंतरही त्याची सतरंजी मामांच्या मशीनखालीच राहिली. ताई परिचारिका झाली. वकील खरोखरचा वकील न होता गवंडी झाला, पण वाद घालायचा सोडला नाही. आणि चिंगी आता आजी आहे. घरात कुणी गोळी घ्यायला लागलं, की ती आधी विचारते, "कशातून घेतोयस?"